उथळ पाण्याचे आरमार

वैतरणा समुद्राला मिळते तिथे उत्तरेला दातिवरे आणि समोर, खाडीच्या तोंडावर, अर्नाळ्याचे बेट. ओहोटीला इथे वाळूचे दांडे उघडे पडतात; खोल तळाचे परके जहाज वाट न विचारता आत शिरले, तर रुतलेच म्हणून समजावे. मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात उत्तर कोकणातल्या अशाच एका खाडीत झाली. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथे जहाजबांधणी काढली. कामावरचे पोर्तुगीज कारागीर वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फोडून नेले, तरी काम थांबले नाही. 1679 मध्ये मराठ्यांच्या ताब्यातल्या खांदेरी बेटाला इंग्रजांनी वेढा घातला. वारा पडला की त्यांची शिडाची जहाजे जागीच डुलत राहत, आणि मराठ्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री बेटावर रसद पोचवत.

या आरमाराचे खरे हत्यार गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, रुंद बांधा, पाण्यात थोडाच बुडणारा तळ आणि पुढे लांब, सखल नाळ. नाळेमागच्या आडव्या फळ्यांच्या भिंतीत झरोके कापून दोन मोठ्या तोफा पुढे तोंड करून बसवत. गोळे नाळेवरूनच सुटत. जोडीला गलबते, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा नसेल तेव्हा गलबते गुराबेला दोराने ओढत शत्रूच्या पिछाडीला आणून सोडत. युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना. पिछाडीला मारा तोकडाच. सुकाणू आणि डोलकाठ्या निकामी झाल्या, की गलबतांतले लोक तलवारी घेऊन चढत. ही युक्ती समोरासमोरच्या लढाईपेक्षा पुष्कळच शहाणी होती. मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी तिच्यावरच किनारा राखला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्यांच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि हात हलवत परतले.

दातिवऱ्याच्या बाजूची पोर्तुगीज ठाणी मराठ्यांनी घेतली ती मुख्यतः जमिनीवरच्या फौजेच्या बळावर: 1737 मध्ये अर्नाळा, जानेवारी 1739 मध्ये तारापूर, मे महिन्यात वसई. तारापूरच्या तटावर मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले.

तोवर आरमाराला घरभेदाने ग्रासले होते. कान्होजींचे पुत्र सेखोजी 1733 मध्ये वारले आणि त्यांच्या भावांत कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे अशी वाटणी झाली. संभाजींमागून आलेले तुळाजी पेशव्यांना जुमानेनात, तेव्हा पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसनचा ताफा विजयदुर्गाच्या खाडीत शिरला. गुराबा किल्ल्याखाली एकमेकींना खेटून बांधलेल्या. एका जहाजावर गोळा फुटून आग लागली, ती दोरखंडांवरून, शिडांवरून पसरत गेली आणि बहुतेक सगळा ताफा जळाला. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. विजयदुर्गाला पुढे पेशव्यांचे आरमार धुळपांनी चालवले; आनंदराव धुळपांनी 1783 मध्ये इंग्रजांचे रेंजर जहाज पकडले, पण आंग्र्यांचा तो दरारा परत आला नाही.

अर्नाळ्याचे नाव असलेली एक युद्धनौका 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला भारतीय नौदलात दाखल झाली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाणबुड्या हुडकणे हे तिचे काम.