फिरत्या कॅमेऱ्याची साक्ष

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामांचा शपथविधी झाला. त्या दिवशी निघालेल्या असंख्य छायाचित्रांत डेव्हिड बर्गमन यांचं एक चित्र निराळ्या रीतीनं काढलेलं होतं. वार्ताहरांच्या उत्तरेकडच्या मंचाच्या कठड्याला त्यांनी ‘गिगापॅन’ हे मोटरवर फिरणारं माउंट आवळलं आणि त्यावर कॅनन जी-१० हा छोटेखानी कॅमेरा बसवला. माउंट टप्प्याटप्प्यानं वळत गेलं आणि २२० छायाचित्रं निघाली. ती जोडायला लॅपटॉपला साडेसहा तासांहून अधिक वेळ लागला, पण त्यातून १४७ कोटी पिक्सेलचं एकसंध चित्र तयार झालं. त्या गर्दीत चेलोवादक यो-यो मा आपल्या फोनवर फोटो काढताना दिसतात. बर्गमन यांना ते नंतर, चित्र मोठं करून न्याहाळताना सापडलं. मला या यंत्राचं मोल इथंच दिसतं. एरवी छायाचित्रकार शटर दाबतो तो काय महत्त्वाचं हे ठरवूनच, आणि चौकटीबाहेर राहिलेलं कायमचं जातं. फिरतं माउंट ही निवड लांबणीवर टाकतं. समोरचा सगळा पट ते सारख्याच बारकाईनं नोंदवतं आणि त्यात काय शोधायचं हे पुढच्या बघणाऱ्यावर सोडतं. म्हणून अशा चित्राकडे साक्षीपुरावा म्हणून पाहायला हवं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप काळाचा आहे. डावीकडचा कोपरा आणि उजवीकडचा कोपरा एकाच क्षणाचे नसतील, तर हा पुरावा कसला? आक्षेप जुना आहे, कारण यंत्राची कल्पनाही जुनी आहे. विल्यम जॉन्स्टन यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत ‘सर्किट’ कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. चावी दिली की हा कॅमेरा ट्रायपॉडवरच्या दातेरी चक्रावर सावकाश फिरे आणि आतली फिल्म एका अरुंद फटीमागून उलट दिशेनं सरके. शाळा, पलटणी, कारखान्यांतले कामगार यांची हातभर लांब समूहचित्रं त्यानं निघत. माणसं कॅमेऱ्याभोवती कमानीत उभी केली की चित्रात रांग सरळ येई. एका टोकाचा एखादा चपळ मुलगा कॅमेऱ्याच्या मागून धावत दुसरं टोक गाठी आणि एकाच चित्रात दोनदा उमटे. हे चित्र खोटं म्हणायचं का? एका क्षणाचं म्हणून पाहिलं तर खोटंच. पण यंत्राची फिरण्याची दिशा आणि गती ठरलेली असल्यानं कोणता भाग आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सांगता येतं. त्या मुलाची धावही त्यामुळेच उलगडते. काळ चित्रात शिरतो, पण क्रमानं शिरतो आणि तो क्रम वाचता येतो.

गिगापॅन हे कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि नासाचं एम्स संशोधन केंद्र यांच्या सहकार्यातून आलं आणि त्याच्यामागे मंगळावरच्या रोव्हरांच्या चित्रणाचा अनुभव होता. काळाच्या आक्षेपावरचं सर्वांत शिस्तशीर उत्तरही मंगळावरूनच मिळतं. २०१९ च्या २४ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात क्युरिऑसिटी रोव्हरनं हजाराहून अधिक छायाचित्रं घेतली आणि त्यांतून सुमारे १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरमा जोडला गेला. प्रत्यक्ष चित्रणाला चार दिवसांत मिळून साडेसहा तासांहून जास्त वेळ लागला. पण उजेड सारखा राहावा म्हणून ते रोज मंगळावरच्या दुपारी १२ ते २ या वेळातच केलं गेलं. माउंटमुळे छायाचित्रकाराची नजर वाया जाते असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नजर इथे आधी कामाला लागते: जागा कोणती, उजेड कोणता, ओळी आडव्या घ्यायच्या की उभ्या, वाहती गर्दी कोणत्या बाजूनं टिपायची.

हल्ली फोन हातात धरून फिरवला तरी पॅनोरमा निघतो, मग मोटर कशाला, असंही विचारलं जातं. दूरच्या डोंगररांगेपुरतं ते ठीक आहे. पण हात फिरतो तेव्हा लेन्सही जागा सोडते आणि जवळचा खांब मागच्या भिंतीच्या तुलनेत सरकतो. मग जोडणीत कठडे तुटतात, माणसं कापली जातात. चांगल्या माउंटवर कॅमेरा पुढेमागे सरकवून असा बसवता येतो की प्रकाश लेन्समध्ये जिथून शिरताना भासतो, तो बिंदू फिरण्याच्या अक्षावर येतो आणि ही सरक नाहीशी होते. त्याला एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हातानं कायम करण्याची जोड हवी. शेजारच्या चौकटी एकमेकींवर पुरेशा चढलेल्याही हव्यात. याची किंमत मोठी असते. बर्गमन यांच्या २२० चौकटींची बेरीज सुमारे ३२३ कोटी पिक्सेल होते आणि हाती आले १४७ कोटी. निम्म्याहून अधिक पिक्सेल जोडणीत आणि कडा छाटण्यात गेले. सांधा विश्वासार्ह व्हायचा तर हा खर्च मला रास्त वाटतो.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हजारो माणसांच्या गर्दीत प्रत्येक चेहरा ओळखू येईल असं चित्र काढताना त्यांची संमती कोणी घेतलेली नसते. जी अलिप्तता या यंत्राला चांगला साक्षीदार बनवते, तीच त्याला पाळत ठेवण्याच्या कामीही आणू शकते. राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी हा जगजाहीर सोहळा होता. व्यासपीठावर बसणाऱ्यांना आपण पाहिले जाणार हे ठाऊक होतं. सरकारविरोधी मोर्चात चालणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण त्याचा चेहरा हाती लागला तर त्याची नोकरी जाऊ शकते. अशा ठिकाणी माउंट लावायचंच असेल, तर मूळ चित्र छायाचित्रकारानं स्वतःपाशी जपावं आणि लोकांसमोर ठेवायची प्रत चेहरे ओळखू येणार नाहीत इतकी लहान करावी, मग त्यासाठी यंत्राचा सगळा बारकावा सोडावा लागला तरी चालेल.