विसर्गाच्या बातमीपलीकडचं नांदूर मध्यमेश्वर

आज २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिन. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये मान मिळालेल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात आज पक्षीप्रेमींची गर्दी होईल. एरवी हे नाव कानावर पडतं ते पावसाळ्यात, जायकवाडीकडे सोडलेल्या क्युसेकच्या आकड्यासोबत. खाली किती पाणी गेलं यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा हिरिरीने भांडतात. इथल्या बंधाऱ्यामागे किती उरलं, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि पक्षी जगतात ते त्या उरलेल्या पाण्यावर.

गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात, १९११ च्या सुमारास, हा दगडी बंधारा उभा राहिला तो कालव्यांसाठी. त्या कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडचा कोरडवाहू मुलूख उसाखाली आणला. बंधारा बुटका आणि नद्या गाळ वाहून आणणाऱ्या. शंभर वर्षांत साठा घटत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही तूट. पण त्याच गाळातून बेटं, दलदल आणि पाणकणसाचं रान तयार झालं. खोल धरणात यांतलं काहीच नसतं. तलवार बदक डोकं बुडवून शेपटी आभाळाकडे करतं, तेव्हा चोच तळाच्या वनस्पतींपर्यंत पोहोचावी लागते. उघड्या चोचीच्या करकोच्याला गोगलगाई आणि शिंपले हवेत, चमच्याला उथळ पाणी, तुतवाराला ओला चिखल. पातळी हातभर चढली किंवा उतरली तरी पंगतीतले पाहुणे बदलतात.

बंधाऱ्याआधीही ही जागा ओस नव्हती. मध्यमेश्वराचं देऊळ आहे, मृगव्याधेश्वर आहे. रामाने मारीचाला मारलं ते इथेच, असं गावकरी सांगतात. पाणी ओसरलं की काठाला गाळपेर होते, गहू-हरभरा उगवतो आणि त्यावर क्रौंच उतरतात. कोवळा हरभरा खाणाऱ्या पाहुण्यांना शेतकऱ्याने नेहमी प्रेमानेच पाहावं, ही अपेक्षा शहरातून करणं सोपं आहे. तरीही चापडगावची तरुण मुलं आज दुर्बिणी घेऊन लोकांना पक्षी दाखवतात, हे मला या अभयारण्याचं सर्वांत मोठं यश वाटतं.

डॉ. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं सांगतात. हा किताब मिरवताना भरतपूरची पुढची हकिगतही ऐकायला हवी. तिथलं केवलादेव उद्यानही माणसाच्या हातचंच, अजान बांधाच्या पाण्यावर वाढलेलं. वरच्या पांचना धरणातून पाणी यायचं. शेतकऱ्यांनी विरोध केला, या शतकाच्या सुरुवातीला ते अडलं आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षांत जागतिक वारसा असलेलं उद्यान कोरडं पडलं. पक्ष्यांची वीण हुकली. पुढे नव्या स्रोतातून पाणी आणावं लागलं. किताबाने तळं भरत नाही.

आपल्याकडे गंगापूर, दारणा, पालखेड ही धरणं वर आहेत आणि जायकवाडी खाली. समन्यायी वाटपाचं सूत्र जायकवाडीच्या साठ्यावर बेतलेलं आहे. माझं गाऱ्हाणं एवढंच, की या वाटपात अभयारण्य वाटेकरी म्हणून उभंच राहत नाही. वाट्याला येतं ते नाशिकचं सांडपाणी आणि त्यावर फोफावणारी पानवेल. सिंहस्थ जवळ आला की रामकुंडाच्या शुद्धतेवर बोललं जातं. तेच पाणी पुढे निफाडमधल्या या अभयारण्यात येतं, हे विसरलं जातं.

यावर उपाय खर्चिक नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात बंधाऱ्यामागे किमान किती पातळी राखायची, हे पाटबंधारे आणि वन्यजीव विभागाने मिळून लेखी ठरवावं. कालव्याचं आवर्तन ठरवताना ती पातळी समोर असावी. पावसाळ्यात विसर्गाचा आकडा जसा रोज जाहीर होतो, तसा हिवाळ्यात हाही आकडा जाहीर व्हावा.