विश्लेषण : पडताळणीच्या वेळीच ब्राउझर बंद का पडतो? दोष ब्राउझरचा की दुसऱ्याच कुणाचा?

संगणकावर सॉफ्टवेअर बसवले, ते अस्सल आहे का हे तपासण्यासाठी कंपनीचे संकेतस्थळ उघडले, बटण दाबले आणि ब्राउझरच नाहीसा झाला. किंवा मोबाइलवर अर्धा तास खपून अर्ज भरला, शेवटी छायाचित्राच्या पडताळणीसाठी कॅमेरा उघडला आणि परत आल्यावर पाहावे तर अर्ज कोरा. त्यात तो मुदतीचा शेवटचा दिवस असेल, तर घाम फुटतो. अशा वेळी बहुतेक जण ब्राउझर काढून पुन्हा बसवतात आणि तो पुन्हा त्याच ठिकाणी बंद पडतो. असे का होते आणि खरे कारण कसे शोधायचे?

पडताळणीच्या वेळी नेमके काय घडते?

एरवी कोणतेही संकेतस्थळ ब्राउझरमधील एका बंदिस्त जागेत चालते. त्याला तुमच्या संगणकातील फायली, यंत्राची ओळख किंवा इतर प्रोग्राम दिसत नाहीत. पत्र देणारा पोस्टमन दारातूनच परत जातो, तसे हे आहे. पडताळणीचे काम मात्र विजेचे मीटर पाहायला आलेल्या माणसासारखे असते. त्याला घरात यावे लागते. विंडोजची प्रत अस्सल आहे का, परवान्याची किल्ली याच यंत्राची आहे का, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जोडलेले आहे का, कॅमेऱ्यासमोर खरा माणूस आहे का, हे पानाला स्वत:हून कळत नाही. त्यासाठी प्लग-इन, एक्स्टेन्शन, संगणकावर वेगळा बसवलेला प्रोग्राम किंवा फोनचा कॅमेरा मदतीला घ्यावा लागतो. मिळालेली माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून होकार किंवा नकार येतो. म्हणजे ब्राउझर, मदतनीस आणि सर्व्हर असे तिघे या कामात असतात. बिघाड यांपैकी कुठेही झाला, तरी आपल्याला मात्र ब्राउझर बंद पडलेला दिसतो.

ही डोकेदुखी कधीपासूनची?

मायक्रोसॉफ्टने जुलै २००५ मध्ये ‘विंडोज जेन्युइन अॅडव्हान्टेज’ ही तपासणी अनेक डाऊनलोडसाठी सक्तीची केली. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ती ‘अॅक्टिव्हएक्स’ या प्रकारच्या घटकामार्फत होई. हा घटक ब्राउझरच्या आतच चालत असे. त्यामुळे तो अडखळला, की ब्राउझरही त्याच्यासोबत कोसळण्याची शक्यता असे. फायरफॉक्समध्ये अॅक्टिव्हएक्स नसल्याने तो वापरणाऱ्यांना एक छोटा प्रोग्राम उतरवून, त्यातून मिळालेला सांकेतिक क्रमांक पानावर चिकटवावा लागे. नंतर त्यासाठीही प्लग-इन आले.

गुगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला, तेव्हा वेगवेगळे टॅब आणि प्लग-इन वेगळ्या प्रक्रियांत चालवण्यावर त्यात भर होता. एक टॅब पडला, तरी बाकीचे शाबूत राहावेत हा हेतू होता. पुढे जुन्या पद्धतीचे प्लग-इन क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण बंद केले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता बाकीच्यांना रजा दिली. डिजिटल स्वाक्षरीसाठी जावाच्या प्लग-इनवर विसंबलेल्या संकेतस्थळांना त्यामुळे दुसरी वाट शोधावी लागली. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करताना संगणकावर ‘ईएमसाइनर’ हा वेगळा प्रोग्राम चालू ठेवावा लागतो, तो याच प्रकारचा मदतनीस. तो बंद असेल किंवा अँटिव्हायरसने अडवला असेल, तर ब्राउझर कितीही नवा असला, तरी स्वाक्षरी होत नाही.

मग दोष ब्राउझरचा नसतोच का?

कधी कधी असतो, पण संशय घेताना त्याच्या शेजाऱ्यांकडेही पाहावे लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुगलच्या क्रोम चमूने दिलेल्या माहितीनुसार, विंडोजवर क्रोम वापरणाऱ्या सुमारे दोनतृतीयांश लोकांच्या संगणकावर क्रोमशी संबंध येणारे इतर प्रोग्राम होते. ज्यांच्याकडील प्रोग्राम क्रोममध्ये स्वत:चा कोड घुसवत, त्यांच्याकडे क्रोम कोसळण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी अधिक होते. यात अँटिव्हायरससारखी, हेतूने चांगली असलेली सॉफ्टवेअरही येतात. त्यानंतर क्रोमने असा कोड अडवण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात केली.

पडताळणीच्या क्षणी हे शेजारी जास्त सतर्क होतात. कुणीतरी यंत्राची माहिती मागत आहे, कुठल्या तरी प्रोग्रामला हाक मारत आहे, हे अँटिव्हायरसला संशयास्पद वाटू शकते. म्हणूनच दिवसभर बातम्या आणि व्हिडीओ सुरळीत दाखवणारा ब्राउझर नेमका तपासणीच्या पानावर मान टाकतो.

चूक समोरच्या सर्व्हरची असू शकते का?

नक्कीच. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी यंत्रणेत, अजून चाचणीच्या टप्प्यावर असलेला कोड चुकून प्रत्यक्ष सर्व्हरवर गेला. सुमारे १९ तास पैसे मोजून विंडोज घेतलेल्यांनाही ‘तुमची प्रत अस्सल नाही’ असा शेरा मिळत राहिला. १२ हजारांहून कमी संगणकांना फटका बसल्याचे कंपनीने नंतर सांगितले. त्या ग्राहकांनी आपल्या संगणकावर कितीही खटपट केली असती, तरी उपयोग नव्हता.

दुसरे उदाहरण ४ मे २०१९ चे. फायरफॉक्समधील एक्स्टेन्शन अस्सल आहेत का, हे त्यांच्यावरील डिजिटल स्वाक्षरीवरून तपासले जाते. त्या साखळीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातील वापरकर्त्यांची एक्स्टेन्शन एकाएकी बंद झाली. मोझिलाला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. यातून सामान्य वापरकर्त्याने एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पडताळणी तारखेवर अवलंबून असते. संगणकाचे किंवा फोनचे घड्याळ चुकीची तारीख दाखवत असेल, तर चालू असलेले प्रमाणपत्रही अवैध ठरू शकते. जुन्या संगणकातील छोटी बॅटरी संपली, की हे हमखास घडते.

मोबाइलवर कारणे वेगळी असतात का?

बऱ्याच अंशी. अँड्रॉइडवर अनेक अॅप आपल्या आत वेबपान दाखवण्यासाठी ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ हा सामाईक घटक वापरतात. मार्च २०२१ मध्ये क्रोम व वेबव्ह्यूच्या अंतर्गत मांडणीशी संबंधित एका चुकीमुळे जीमेलसह अनेक अॅप उघडताच बंद पडू लागली. लोक ती अॅप काढून पुन्हा बसवत राहिले; पण दोष वेबव्ह्यूत होता. गुगलने दिलेले क्रोम आणि वेबव्ह्यूचे अपडेट घेतल्यावरच प्रश्न सुटला.

याहून नेहमीचे कारण म्हणजे मेमरीची टंचाई. अर्ज भरता भरता कॅमेरा उघडला, की ब्राउझर पडद्याआड जातो. फोनची मेमरी कमी पडली, तर अँड्रॉइड पडद्याआडची अॅप बंद करून जागा मोकळी करते आणि त्यात ब्राउझरचाही बळी जातो. छायाचित्र काढून परत येईपर्यंत पान नव्याने उघडलेले असते.

छायाचित्राचा आकारही इथे महत्त्वाचा. ५० मेगापिक्सेलच्या छायाचित्राची फाइल काही एमबींचीच दिसते. पण पान तिची झलक दाखवण्यासाठी किंवा आकार कमी करण्यासाठी ती उलगडते, तेव्हा प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. म्हणजे एका छायाचित्राला सुमारे २०० एमबी मेमरी. तेच १२ मेगापिक्सेलला साधारण ४८ एमबी पुरते. कमी क्षमतेच्या फोनवर एवढा फरक ब्राउझर टिकणे आणि कोसळणे यांतला फरक ठरू शकतो.

खरे कारण शोधायचे कसे?

नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा करून पाहा. पाच उपाय एकदम केले, तर अडचण सुटली तरी कशाने सुटली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

१. आधी नीट पाहा. एकच टॅब पडला, पूर्ण ब्राउझर बंद झाला, की पान नुसतेच फिरत राहिले? पान नुसते फिरत असेल किंवा सर्व्हरची चूक दाखवत असेल, तर थोडा वेळ थांबा. संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या.

२. तारीख आणि वेळ स्वयंचलित ठेवा. एका मिनिटाचे काम आहे.

३. तेच पान दुसऱ्या उपकरणावर, दुसऱ्या नेटवर्कवर उघडा. तिथेही अडले, तर दोष बहुधा समोरच्या बाजूला आहे.

४. क्रोममध्ये ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत करून पाहा. तिथे आपण वेगळी परवानगी दिली नसेल, तर एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्सच्या मदत विभागातील ‘ट्रबलशूट मोड’ एक्स्टेन्शनसोबत हार्डवेअर अॅक्सिलरेशनही तात्पुरते थांबवतो. इथे काम झाले, तर एक्स्टेन्शन एकेक करून सुरू करा. ज्यापाशी ब्राउझर पडेल, तोच गुन्हेगार. मात्र पडताळणीलाच एखादे एक्स्टेन्शन लागत असेल, तर तेवढे चालू ठेवावे लागेल.

५. संगणकावर ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून पाहा. ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर असल्यास कॅमेऱ्याच्या पानावर याचा फरक पडतो.

६. पडताळणीचा मदतनीस प्रोग्राम चालू आहे का, त्याची आवृत्ती ताजी आहे का आणि अँटिव्हायरसने तो अडवला आहे का, हे तपासा. अँटिव्हायरसच्या नोंदींत ते दिसते. अँटिव्हायरस पूर्ण बंद करण्यापेक्षा तेवढ्या खात्रीच्या प्रोग्रामला सूट द्या.

७. फोनवर इतर अॅप बंद करा, फोन एकदा बंद करून चालू करा, क्रोम आणि वेबव्ह्यू अपडेट करा. पान परवानगी देत असेल, तर छायाचित्र कमी रिझोल्युशनवर आधीच काढून गॅलरीतून जोडा. थेट चेहराच दाखवायचा असेल, तर वेबकॅम असलेला संगणक बरा.

८. ‘कॅशे’ पुसायला हरकत नाही. पण अँड्रॉइडवर क्रोमचा सगळा ‘डेटा’ पुसताना विचार करा. खात्याशी न जोडलेले बुकमार्क आणि सुरू असलेली लॉग-इन त्यात जातात.

ब्राउझर काढून पुन्हा बसवणे हा शेवटचा उपाय. दुसरा ब्राउझर वापरून पाहणे त्याहून सोपे. मात्र आयफोनवर याचा फारसा उपयोग होत नाही. भारतात आयफोनवरील ब्राउझर नावाने वेगळे असले, तरी आतून ॲपलचे ‘वेबकिट’ हेच इंजिन वापरतात.

विंडोजवर आणखी एक साक्षीदार असतो. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये कोणता प्रोग्राम कधी आणि कोणत्या घटकामुळे पडला, याची तारीखवार नोंद मिळते. त्यात अँटिव्हायरसच्या किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचे नाव पुन:पुन्हा दिसले, तर ब्राउझरला दोष देण्याचे कारण उरत नाही.

काय करू नये?

सर्वात मोठा धोका बिघाडात नसून बिघाडानंतरच्या घाईत आहे. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबून अपडेट करा’ अशी पाने बनावट असू शकतात. खरे अपडेट ब्राउझरच्या स्वत:च्या सेटिंगमधून, प्ले स्टोअरमधून किंवा अॅप स्टोअरमधून येते.

२०२४ पासून ‘क्लिकफिक्स’ नावाने ओळखली जाणारी फसवणूक तर पडताळणीचाच वेष घेते. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ किंवा ‘ही चूक दुरुस्त करा’ असे सांगून विंडोजची ‘रन’ खिडकी उघडायला आणि त्यात काहीतरी चिकटवायला लावले जाते. चिकटवलेली आज्ञा घातक सॉफ्टवेअर उतरवून घेते. कोणतीही खरी पडताळणी असे करायला सांगत नाही. तसेच इंटरनेटवर सापडलेल्या ‘मदत क्रमांका’वर फोन करून अनोळखी माणसाच्या हाती आपला पडदा देऊ नका. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवा.

मुदत जवळ आली असेल तर?

लांबलचक उत्तरे आधी नोंदवहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहून मग अर्जात चिकटवा. जिथे अर्ज अर्धवट जतन करण्याची सोय आहे, तिथे प्रत्येक टप्प्यावर ती वापरा. पैसे भरताना ब्राउझर बंद पडला, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँक खाते आणि अर्जाची स्थिती पाहा. तक्रार करताना वेळ, उपकरण, ब्राउझरची आवृत्ती, कोणत्या बटणावर तो पडला आणि स्क्रीनशॉट एवढे द्या. ‘साइट चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवर तंत्रज्ञाला फारसे काही करता येत नाही. पण या पाच गोष्टी हाती असतील, तर तो नेमका दोषापर्यंत पोहोचू शकतो. आणि मुदत हुकलीच, तर आपण वेळेत प्रयत्न केला होता, हे सांगायला तोच पुरावा कामी येतो.