गडद तपकिरी भिंत

तपकिरी हा मुळात मातीचा रंग. गेरूला तांबडेपणा येतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. पिवडीतही लोहच, पण पाणी धरलेले, म्हणून ती पिवळी. अंबर नावाच्या मातीत लोहाबरोबर मँगनीज असते. ती काळसर दिसते आणि भाजली की तांबूस होते. आज दुकानातल्या यंत्रावर ‘चॉकलेटी’ किंवा ‘मातकट’ छटा तयार होते तीही बहुधा तांबड्या, पिवळ्या आणि काळ्या लोह-ऑक्साइडच्या मेळातून. ही द्रव्ये उन्हाने सहजासहजी विटत नाहीत.

यंत्र ज्यात ही द्रव्ये मिसळते त्या फिकट रंगाच्या बेसमध्ये पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असते आणि खालची भिंत झाकण्याचे बरेचसे काम तेच करते. गडद छटेच्या बेसमध्ये ते फार कमी असते. लोह-ऑक्साइड स्वतः चांगले झाकते, तरीही पांढऱ्या प्रायमरवर पहिला हात मारला की भिंत ढगाळल्यासारखी दिसते. घरमालक इथेच घाबरतो. एका हातावरून छटेचा निवाडा करू नये. दुसरा हात पुरता वाळल्यावरच खरा रंग कळतो आणि कधी तिसराही लागतो. प्रायमरवर आधी करडा किंवा फिकट तपकिरी हात दिला तर हे काम हलके होते.

खरी मेहनत मात्र रंगाच्या आधीची. पुट्टी घासून झाली की दिवे बंद करून बॅटरी भिंतीला चिकटवून धरावी. आडव्या उजेडात प्रत्येक उंचवटा आणि पुट्टीच्या पत्र्याची प्रत्येक रेघ सावली टाकते. गडद रंगाला थोडी जरी चकाकी असली तरी हेच दोष पुढे रोज दिसत राहतात. मॅट फिनिश ते लपवते, पण त्यावर खुर्चीची पाठ किंवा बॅग घासली की चकचकीत पट्टा उमटतो. म्हणून बैठकीच्या खोलीत मॅट आणि ये-जा असलेल्या बोळात किंचित चकाकीचा रंग बरा.

कडेला ब्रशने कटिंग केल्यावर ते ओले असतानाच रोलर तिथवर न्यावा लागतो. कटिंग वाळू दिले तर छताखाली चौकटीसारखी गडद रेघ राहते. भिंत अर्धी सोडून जेवायला जाणेही महागात पडते, जोड दिसतोच.

ओल असलेल्या भिंतीवर हा रंग मुळीच देऊ नये. लोणा पांढऱ्या भिंतीवर खपून जातो; तपकिरीवर पहिल्याच पावसाळ्यानंतर पांढरी बुरशी आल्यासारखा फुलतो.

तपकिरी म्हणजे डोळ्यांच्या दृष्टीने अंधारलेला नारिंगी. शेजारी काही उजळ असले तरच तो तपकिरी वाटतो. पांढऱ्या ट्यूबखाली तो राखी, मरगळलेला दिसतो. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्यात त्याच भिंतीला ऊब येते. म्हणून नमुना हातभर पुठ्ठ्यावर रंगवून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहावा. अशी भिंत उजेड फारसा परत देत नाही, त्यामुळे लहान, एका खिडकीच्या खोलीत चारही भिंती रंगवण्यापेक्षा खिडकीसमोरची एकच रंगवावी. सागवानी कपाट तिच्यापुढे हरवते. पितळ, सुती पडदा, वेताची खुर्ची मात्र उठून दिसते.

उरलेल्या डब्यावर छटेचा क्रमांक आणि बॅच नंबर लिहून ठेवावा. पुढे डाग पडला तर तेवढ्याच जागी लावलेला ठिपका वेगळा दिसतो. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवावी लागते.