लॉस एंजेलिसचे धुरके

दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. १९४३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहरावर एके दिवशी असा दाट तपकिरी पडदा उतरला, की लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे जळू लागले आणि दोन-तीन चौकांपलीकडचे काही दिसेना. शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही कित्येकांना आली. शत्रूचा यात हात नाही हे लवकरच कळले. पण मग हे संकट आले कोठून, हे उमगण्यास पुढे जवळजवळ दहा वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आम्हांस मोठी मनोवेधक वाटते.

प्रथम दोष आला तो कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनविणाऱ्या एका कारखान्यावर. त्याचे काम थांबविले, तरी धुरके येतच राहिले. मग तेलशुद्धीचे कारखाने आणि घरोघरी परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या यांच्यावर बोट रोखले गेले. पण १९५२ च्या डिसेंबरात लंडनला ज्याने ग्रासले, त्या कोळशाच्या धुराशी ह्या धुरक्याचे लक्षण जुळत नव्हते. लंडनचे धुरके हिवाळ्यातले. हे मात्र लख्ख उन्हाच्या दिवशी दाटे. शिवाय भाज्यांची पाने ह्याने करपत आणि मोटारींच्या रबरी टायरांना भेगा पडत.

हे कोडे उलगडले आरी हागेन-स्मिट ह्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. तो त्या वेळी अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करीत होता! गंधाची द्रव्ये अतिशय थंड नळीत गोठवून वेगळी करण्याची त्याची जी युक्ती होती, तीच त्याने शहराच्या हवेवर चालविली. पुष्कळशी हवा ओढून घेतल्यावर हाती आले ते तपकिरी, उग्र वासाच्या द्रवाचे काही थेंब. ते पेट्रोलच्या वाफेपासूनच, पण हवेत रूपांतर होऊन तयार झालेले होते.

हे रूपांतर कसे होते ते पाहू. एंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतीलच नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो व नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. त्यांपैकी तांबूस रंगाच्या एका वायूतून सूर्यप्रकाश ऑक्सिजनचा एक अणू तोडतो. तो अणू हवेतील ऑक्सिजनला जाऊन मिळाला, की ओझोन होतो. एरवी उरलेला वायू हा ओझोन लगेच परत नाहीसा करतो व हिशेब मिटतो. परंतु पेट्रोलची न जळलेली वाफ मध्ये आली, की ही परतफेड होत नाही आणि ओझोन साचत जातो. आकाशात उंचावर आपले रक्षण करणारा हाच वायू जमिनीलगत आला, म्हणजे फुप्फुसांचा दाह करतो. ह्या धुरक्याचा बराच भाग कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच शिजतो.

शहराची जागाही ह्या कामी अनुकूल. एका अंगास समुद्र, इतरत्र डोंगर. समुद्रावरची गार हवा तळाशी राहते आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर पातेल्यावरील झाकणासारखा बसतो.

तेलव्यवसायाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी हे निष्कर्ष नाकारले. सामान्य नागरिकांनाही ते रुचले नसावेत, असे आम्हांस वाटते. कारण कारखान्याला दोष देणे सोपे, आणि येथे तर गुन्हेगार प्रत्येकाच्या दारात उभा होता. तथापि १९७५ पासून तेथील नव्या मोटारींच्या धूरनळीत विषारी वायूंचे रूपांतर करणारे उत्प्रेरक यंत्र बसू लागले. शिशाने ते निकामी होते, म्हणून पेट्रोलमधील शिसेही काढावे लागले. आपल्याकडे दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या शहरांत हीच जोडी १९९५ साली आली, आणि २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले.

लॉस एंजेलिसची हवा आजही निर्दोष नाही. पण त्या परिसरातील शाळकरी मुलांना नळीत जोराने फुंकायला लावून त्यांच्या फुप्फुसांची शक्ती अनेक वर्षे मोजली गेली. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. १९९० नंतरच्या दशकात वाढलेल्या मुलांपैकी शेकडा सुमारे ८ जणांची फुप्फुसे पंधराव्या वर्षी दुर्बळ आढळली होती. हवा सुधारल्यावर, २००७ ते २०११ या काळात मोजलेल्या मुलांत हेच प्रमाण शेकडा ४ हूनही खाली आले होते.