चेक भरल्यावर पुढे काय होतं?

पूर्वी चेक खरोखरच प्रवास करायचा. शाखेत भरला की गठ्ठ्यात बांधून क्लिअरिंग हाउसला, तिथून ज्या बँकेचा त्या बँकेत. बाहेरगावचा असला तर पैसे यायची वाट बघत बसायचं! आता कागद पहिल्याच बँकेत थांबतो, पुढे जाते ती त्याची प्रतिमा. ही 'चेक ट्रंकेशन' पद्धत दिल्लीत २००८ साली सुरू झाली, मुंबईत २०१३ साली आली.

प्रतिमेबरोबर तळाच्या पट्टीवरची आकड्यांची ओळही वाचली जाते. त्यातल्या ९ आकडी एमआयसीआर कोडचे पहिले तीन आकडे शहराचे (४०० मुंबई, ४११ पुणे), मधले बँकेचे, शेवटचे शाखेचे. म्हणून त्या पट्टीवर सही-शिक्का नको. खाडाखोडही चालत नाही. नाव किंवा रक्कम चुकली तर सरळ नवा चेक लिहावा.

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढे जातात. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत आलेल्या चेकबद्दल संबंधित बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार कळवायचा; कळवला नाही तर होकारच धरतात. साहजिकच खातेउताऱ्यात नोंद लवकर दिसते. घेणाऱ्याची सोय झाली, देणाऱ्याची मात्र पंचाईत. 'पैसे परवा भरू' म्हणत आजच चेक फाडून द्यायची सवय आता महागात पडेल.

५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकचा तपशील 'पॉझिटिव्ह पे'खाली बँकेला आधी कळवता येतो. मोठा चेक दिलात की त्याच दिवशी तेवढं करून टाका.