तापलेल्या इंजिनात पेट्रोल कुठे असतं?

वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याची शिवणी, अमरावतीचं बेलोरा, यवतमाळ, नांदेड अशा धावपट्ट्या आजूबाजूला आहेत आणि मध्ये आपण. तरीही लहान विमानांच्या इंजिनाचा एक चिवट प्रश्न समजून घ्यायला वाशीमचा मे महिना फार सोयीचा आहे. पारा बेचाळिशीच्या पुढे गेलेला असतो. दोन तास उडून आलेलं चार आसनी विमान उन्हात उभं राहतं, वैमानिक चहा घेतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा इंजिन सुरू करायला जातो. स्टार्टर फिरतो, पंखा फिरतो, एखादा ठोका पडतो आणि पुन्हा सगळं शांत. तेच इंजिन सकाळी पहिल्याच फेऱ्यात सुरू झालेलं असतं. बिघाड कुठेच नसतो.

यावर सहज मनात येतं, की आपल्या मोटरसायकलला असं का होत नाही? एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे निकष आले आणि बहुतेक दुचाक्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. भर दुपारी बटण दाबलं तरी गाडी सुरू होते. कारण तिथे टाकीतच बसवलेला पंप नळीत सतत चांगला दाब राखतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. शिवाय इंजिन किती तापलंय हे एक सेन्सर सांगतो आणि त्यावरून किती थेंब सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो.

छोट्या विमानांत आजही सर्रास दिसणारं इंजेक्शन मात्र वेगळ्या घराण्याचं आहे. हौशी विमानबांधणीत लोकप्रिय असलेलं लायकमिंगचं आयओ-३६० घ्या. ३६० घनइंच म्हणजे जवळपास ५.९ लिटर, तेही फक्त चार सिलिंडरांत; म्हणजे एकेक सिलिंडर दीड लिटरचा. त्यावरची बेंडिक्स पद्धतीची इंजेक्शन यंत्रणा पूर्णपणे यांत्रिक असते. आत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि पेट्रोलचा दाब पातळ पडद्यांवर एकमेकांशी तोलले जातात आणि त्यातून पेट्रोलचं माप ठरतं. संगणक नाही, सेन्सर नाही, विजेची गरजही नाही. मोजलेलं पेट्रोल इंजिनाच्या माथ्यावरच्या एका वाटप-डबीत जातं आणि तिथून बारीक स्टीलच्या चार नळ्यांतून प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी. व्हॉल्व्ह उघडा असो की बंद, ते अखंड शिंपडलं जात राहतं.

या डबीची आणि नळ्यांची जागा मात्र फार गैरसोयीची आहे. उडताना समोरून वारा येतो, त्यामुळे बरं चालतं. सिलिंडरच्या डोक्याचं तापमान १८० ते २०० अंशांच्या घरात असलं तरी नळ्या वाऱ्यात असतात, आत ताजं पेट्रोल वाहत असतं. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, पेट्रोलही थांबतं. धातूतली उष्णता मात्र जात नाही. ती वर चढते आणि काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत, बरोबर त्या नळ्यांपाशी साठते. म्हणून इंजिन बंद केल्यावर काही वेळ आतली हवा गार होण्याऐवजी आणखी तापते. त्रास सर्वांत जास्त होतो तो अर्ध्या-पाऊण तासाच्या विश्रांतीनंतर. पाच मिनिटांत परत सुरू केलं तर बहुधा अडचण येत नाही, आणि दोन-तीन तास गेले तरी नाही. अडवतो तो चहाचा वेळ.

विमानाचं पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, गाडीच्या पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं. तरीही त्याचा पहिला दहा टक्के भाग ७५ अंशांपर्यंत वाफ होऊन गेलेला असावा, असा त्याचा निकषच आहे. थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून ही गरज ठेवलेली, आणि उन्हाळ्यात तीच अंगाशी येते. नळीतलं पेट्रोल उकळतं, वाफ फुगते आणि उरलेल्या पेट्रोलला पुढे ढकलते. ते नोझलमधून ठिबकत सिलिंडरच्या तोंडाशी जमा होतं.

गंमत इथेच आहे. इंजिन सुरू होत नसलं की आपण एकच प्रश्न विचारतो: पेट्रोल कमी पडतंय की जास्त झालंय? तापलेल्या इंजिनात दोन्ही एकाच वेळी खरं असतं. सिलिंडरच्या तोंडाशी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल, आणि मागच्या नळीत नुसती वाफ. डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरची एअर काढावी लागते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. फरक एवढाच की इथे नळीत बाहेरची हवा शिरलेली नसते, पेट्रोलनेच स्वतःची हवा केलेली असते.

हे एकदा लक्षात आलं की सुरू करण्याच्या पद्धती पाठ करायची गरज राहत नाही, त्या आपोआप सुचतात. थंड इंजिनाला सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल हवं असतं आणि तिथे काहीच नसतं. म्हणून विजेवर चालणारा बूस्ट पंप लावायचा, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्स्चरचा दांडा पुढे ढकलायचा, काट्यावर प्रवाह स्थिर दिसला की, म्हणजे तीन ते पाच सेकंदांत, दांडा मागे घ्यायचा. मग स्टार्टर. इंजिनाने पेट घेतला की मिक्स्चर सावकाश पुढे. सेस्ना १७२ एस या विमानाच्या पुस्तकात असाच क्रम दिलेला आहे.

गरम इंजिनाला असं आधी पेट्रोल द्यायचं, म्हणजे प्राइम करायचंच नाही. मिक्स्चर बंद, थ्रॉटल थोडा उघडा, आणि सरळ स्टार्टर. ठिबकून साचलेल्या पेट्रोलवर पहिले ठोके पडतात. त्या दोन-तीन सेकंदांत मिक्स्चर झटकन पुढे गेला पाहिजे, कारण साठा संपत आलेला असतो आणि मागून येते ती वाफ. इंजिन अडखळू लागलं तर बूस्ट पंप लावून नळीत थंड पेट्रोल रेटायचं. स्टार्टर, थ्रॉटल आणि मिक्स्चर सांभाळायला तीन हात असते तर बरं झालं असतं, असं या क्षणी प्रत्येकाला वाटतं. अनेक नवशिके नेमकं उलट करतात: सुरू होत नाही म्हणून आणखी पेट्रोल देतात. मग खरोखरच ओव्हरफ्लो होतो. तेव्हा मिक्स्चर बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि हवेने पेट्रोल धुऊन काढेपर्यंत फिरवत राहायचं. पेट घेतला की थ्रॉटल मागे, मिक्स्चर पुढे.

फिरवत राहण्यालाही मर्यादा आहे. सेस्नाच्या स्टार्टरला दहा सेकंद फिरवल्यावर वीस सेकंद विश्रांती, असं तीनदा झालं की दहा मिनिटं गार होऊ द्यायचं. बेचाळीस अंशांत ही दहा मिनिटं जड जातात, पण जळालेल्या स्टार्टरपेक्षा ती परवडतात. आणि ओव्हरफ्लोची थट्टा करू नये. खाली सांडलेल्या पेट्रोलवर इंजिनाने उलटा भडका मारला तर हवा ओढणाऱ्या नळीत आग लागते. अशा वेळी घाबरून स्टार्टर सोडायचा नसतो. पेट्रोल बंद करून इंजिन फिरवतच राहायचं, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात.

थंडीचं काय? वाशीमच्या डिसेंबरात पहाटे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं आणि शेकोट्या पेटतात. लायकमिंगच्या हिशेबात ती थंडीच नव्हे. बहुतेक इंजिनांना आधी बाहेरून ऊब द्या, असं ती कंपनी उणे १२ अंशांच्या खाली सांगते. विदर्भात ही वेळ येत नाही. आपल्याकडचा खरा विषय उन्हाळाच.

मग कार्ब्युरेटरच बरा नव्हे का? विषय इतका सरळ नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत, बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही, कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरू शकतं आणि उडतं इंजिन गुदमरतं. इंजेक्शनला ती भीती जवळपास नाही, आणि चारही सिलिंडरांना पेट्रोलही समान मिळतं. जमिनीवरचा त्रास पत्करून आकाशातला टाळलेला, एवढाच हा सौदा.

हा सौदा घरी बांधलेल्या विमानात जास्त बोचतो. महाराष्ट्रात अशा घरी बांधलेल्या विमानाचं ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, २०१९ मध्ये उडवण्याची परवानगी, आणि २०२० साली त्याच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. परवानग्यांची ही लढाई इतकी गाजली, की विमानाच्या आतल्या गोष्टींबद्दल कुणी फारसं विचारलंच नाही.

कारखान्यातल्या विमानासोबत सुरू करण्याचं पुस्तक येतं. घरी बांधणाऱ्याला ते स्वतः लिहावं लागतं, कारण नळ्या कुठून न्यायच्या हे त्यानेच ठरवलेलं असतं. आणि गरम इंजिन सुरू होईल की नाही, याचा अर्धा निकाल नळ्या टाकतानाच लागतो. इंजिनावरचा यांत्रिक पंप पेट्रोल ओढतो. ओढताना दाब कमी होतो आणि कमी दाबात ते लवकर उकळतं. म्हणून विजेचा पंप टाकीजवळ, गार जागी, ढकलणारा असावा. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीवर उष्णतारोधक बाही चढवावी. कॉन्टिनेंटल इंजिनांत जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी मुळातच असते, त्यामुळे मिक्स्चर बंद ठेवून पंप चालवला की वाफ परत जाते आणि थंड पेट्रोल पुढे येतं. लायकमिंगला ती नसते. म्हणून अमेरिकेतली एअरफ्लो परफॉर्मन्स ही कंपनी हौशी बांधकामासाठी वाटप-डबीजवळ बसणारा एक पर्ज व्हॉल्व्ह देते: दांडा ओढा, वाफ टाकीत परत, मग स्टार्टर. घरी बांधायच्या विमानांचे सुटे भाग विकणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत, त्यामुळे अशा जोडण्यांना तिकडे चांगलं गिऱ्हाईक आहे. विदर्भात विमान ठेवायचं असेल तर माझ्या मते हा एक व्हॉल्व्ह रंगापेक्षा आणि चामडी आसनांपेक्षा आधी घ्यावा.

दुसरा मार्ग मोटरसायकलचाच. २०१२ मध्ये आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएस या इंजिनात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे, आणि एक संगणक बंद पडला तर दुसरा हजर असावा म्हणून सगळं दुहेरी. गरम असो वा थंड, सुरू करणं सोपं होतं. बदल्यात सगळा भार विजेवर येतो. मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीपुरती वीज स्वतःच तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणारं जुनं इंजिन विमानातली सगळी वीज गेली तरी हवेत चालत राहतं. रोटॅक्सचं हे इंजिन चालत नाही, म्हणून इथे वायरिंगचा एक सैल जोडही महागात पडतो.

राहता राहिलं पेट्रोल. ॲव्हगॅस भारतात वर्षानुवर्षं आयात होत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं देशी ॲव्हगॅस बाजारात आणलं. पण ते कारंजा किंवा मालेगावला मिळणारं नाही. रोटॅक्ससारखी इंजिनं गाडीच्या पेट्रोलवरही चालतात, त्यामुळे पंपावरून डबा भरून आणायचा मोह होतो. ते पेट्रोल ॲव्हगॅसपेक्षा लवकर उकळतं, म्हणजे वरची सगळी कहाणी आणखी कमी तापमानाला सुरू होते. शिवाय रोटॅक्सच्या पुस्तकात इथेनॉलची मर्यादा १० टक्के आहे, आणि आपल्या पंपावर आता २० टक्के मिसळलेलं मिळतं.